जुन्या पिकअप ट्रकमध्ये एसी-हीटरचं किट स्वतः बसवता येईल का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा ट्रक १९६० च्या दशकातला आहे, मूळ हीटर गंजलाय, एसी कधीच नव्हता आणि एसी-हीटर एकत्र असलेलं तयार किट घरीच बसवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. जमेल. पाने चालवायची सवय असेल तर गॅस भरण्याआधीचं जवळजवळ सगळं काम घरी होतं. पण किट मागवण्याआधी गाडी तपासा. ‘एसी लावला पण थंडच होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा गाडीतच सापडतं, किट बिचारं ठीक असतं.

आधी वीज बघा. ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) आणि कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा-सोडणारा भाग) मिळून साधारण २० ते २५ अँपिअर ओढतात. जुना डायनमो जोरात फिरताना ३०-३५ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. त्यामुळे निदान ६० अँपिअरचा अल्टरनेटर हवा, इलेक्ट्रिक पंखा लावणार असाल तर १०० च्या आसपास. याहून जुनी, सहा व्होल्टची गाडी असेल तर आधी ती बारा व्होल्टवर आणि निगेटिव्ह अर्थवर (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) आणावी लागते.

त्यानंतर रेडिएटर, आणि इथे हात आखडता घेऊ नका. कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आता आधीच तापलेली हवा मिळणार. उभ्या गाडीत ती हवा फक्त पंखा ओढतो. पंख्याला श्राउड (भोवतीचं आवरण) नसेल तर तो आजूबाजूचीच हवा ढवळत बसतो, हाय साइडचं (कॉम्प्रेसरनंतरच्या, जास्त दाबाच्या बाजूचं) प्रेशर चढतं, थंडावा कमी होतो आणि इंजिनही तापतं. चार पात्यांचा जुना पंखा काढून सहा-सात पात्यांचा लावा. पातं अर्धं श्राउडच्या आत, अर्धं बाहेर असं बसलं पाहिजे. कंडेन्सर रेडिएटरपासून सेंटिमीटरभर अंतरावर ठेवा आणि कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर हवा कंडेन्सरला वळसा घालून जाते.

केबिनचंही तसंच. जुन्या ट्रकचं छत म्हणजे नुसता पत्रा. फायरवॉल, फ्लोअर आणि छताला आधी ब्यूटाइल शीट (चिकट रबरी पत्रक) आणि तिच्यावर बंद छिद्रांचा फोम लावा. दारांची रबरं नवी घाला, काचेखालचे काउल व्हेंट (बाहेरची हवा आत घेणारी तोंडं) आणि जुन्या हीटरची भोकं बंद करा. हे काम डॅशबोर्ड उघडा असतानाच उरकतं, नंतर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

आता बसवण्याचा क्रम. पहिल्यांदा डॅशबोर्डखालचं युनिट. ग्लोव्ह बॉक्स काढावा लागतो. बऱ्याच किटमध्ये कमी खोलीचा बदली बॉक्स येतो. पाणी बाहेर सोडणारी नळी युनिटपासून सतत उतरती हवी. मध्ये कुठे वर गेली की पाणी तुंबतं आणि गालिच्यावर येतं. केबिनमध्ये उघडी राहणारी थंड फिटिंग चिकट इन्सुलेशन टेपने पूर्ण गुंडाळा. थर्मोस्टॅटची बारीक नळी कूलिंग कॉइलच्या पत्त्यांमध्ये घट्ट खोचलेली आहे ना, ते तेव्हाच बघा. ती सुटी राहिली तर कॉइलवर बर्फ धरतो आणि अर्ध्या तासाने हवा येणंच थांबतं.

मग कंडेन्सर, मग कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट तुमच्या इंजिनाचंच घ्या आणि पुली सरळ पट्टी लावून एका रेषेत आणा. थोडा तिरपेपणा राहिला तरी बेल्ट ओरडतो आणि उडतो. क्रँक पुलीला एकच खाच असेल तर दोन खाचांची पुली लागेल. कॉम्प्रेसरची होजची तोंडं वरच्या बाजूला ठेवा.

होज सगळ्यात शेवटी. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरच्या वरच्या तोंडाला ८ नंबर (हे होजच्या जाडीचे नंबर), कंडेन्सरच्या खालून ड्रायरमार्गे (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) एक्सपान्शन व्हॉल्वला (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा व्हॉल्व) ६ नंबर, कॉइलकडून परत कॉम्प्रेसरला १० नंबर. होज बॅरियर प्रकारचेच (आतल्या अस्तरामुळे गॅस झिरपू न देणारे) घ्या. आधी सगळे होज न दाबता जागेवर लावा, बॉनेट बंद करून बघा, स्टीअरिंग आणि एक्झॉस्टपासून अंतर तपासा, प्रत्येक फिटिंगवर आणि होजवर एकच सलग रेघ मारा आणि मगच क्रिम्प करायला (फिटिंग यंत्राने होजवर दाबून पक्कं करायला) द्या. ही रेघ नसेल तर फिटिंगचा कोन चुकतो आणि होज पिळून बसवावा लागतो. ओ-रिंगला तेल लावा, नट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग दोन पाने लावून घट्ट करा. एकाच पान्याने जोर लावला की अॅल्युमिनियमची नळी पिळवटते.

ड्रायरची टोपणं अगदी शेवटी, व्हॅक्यूम लावण्याच्या (आतली हवा पंपाने ओढून काढण्याच्या) तोंडावर काढा. उघडा राहिला तर तो हवेतला ओलावा शोषून घेतो आणि निकामी होतो.

हीटरचे होज पाच अष्टमांश इंचाचे. इनटेक मॅनिफोल्डकडून येणाऱ्या गरम पाण्याच्या होजमध्ये कंट्रोल व्हॉल्व बसवा, परतीचा होज वॉटर पंपाला. हीटर नीट तापायचा तर इंजिनात ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असू द्या. डिफ्रॉस्टवर कॉम्प्रेसर चालू राहील अशी जोडणी ठेवा. कोरड्या हवेने काचेवरचं धुकं लवकर जातं.

वायरिंगसाठी फ्यूज बॉक्समधून वीज घेऊ नका. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच ३० अँपिअरचा ब्रेकर आणि पुढे रिले. क्लचच्या वायरमध्ये प्रेशर स्विच हवाच. गॅस गळून गेला की तोच कॉम्प्रेसर वाचवतो.

गळती कोरड्या नायट्रोजनने आणि साबणाच्या पाण्याने तपासा. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची साधी हवा भरू नका, तिच्यातला ओलावा आत जातो. नंतर निदान पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते बघा. गॅस भरण्याचं काम मात्र यंत्र असलेल्या माणसाकडून करून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आर-१३४ए हा एसीचा गॅस काट्यावर तोलूनच भरायचा, किटच्या कागदावर लिहिलंय तेवढाच. अशा ट्रकला तो बहुधा ७०० ते ८०० ग्रॅमच्या आसपास निघतो. प्रेशर बघून अंदाजाने भरला की जास्तच होतो. इंजिन चालू असताना द्रवरूप गॅस आत गेला तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. सुरू करण्याआधी क्लचचा पुढचा भाग हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, म्हणजे आत साठलेलं तेल पुढे सरकेल.

बाहेर ३२-३५ अंश असताना, १,५०० आरपीएमला लो साइड (कमी दाबाची बाजू) २५ ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय दिसली तर ठीक. फक्त आयडलिंगला हाय साइड चढत असेल तर कंडेन्सरवर पाणी मारून बघा. आकडा लगेच उतरला तर हवा कमी पडतेय, पंखा आणि श्राउड बघा. दोन्ही आकडे बरोबर आणि तरी हवा कोमट असेल, तर हीटरचा होज चिमट्याने दाबून धरा. पाच मिनिटांत हवा गार झाली तर पाण्याचा व्हॉल्व पूर्ण बंद होत नाहीये. तो उलटा बसलाय का बघा, नसेल तर बदला. गॅसला हात लावायची गरज नाही.