उघड्या माळावर धनुष्य घेऊन हरणाच्या जवळ कसं जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नागपुरात कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य चालवता, पुढच्या ऑगस्टात अमेरिकेत वायोमिंगला मावसभावाकडे जाताय, तो प्रॉन्गहॉर्नच्या, म्हणजे तिकडच्या माळावरच्या हरणासारख्या जनावराच्या, शिकारीला नेतो म्हणतोय. जिथं आडोशाला झाडसुद्धा नाही तिथं त्या जनावराच्या तीस मीटरवर जायचं कसं? आणि हेच आपल्याकडच्या काळविटावर किंवा रोह्यावर (नीलगाईवर) चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो : नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं, हाका घालणं, आमिष टाकणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. रोह्यांनी शेतकऱ्यांचा जीव मेटाकुटीला आणलाय हे खरं, पण तो वनखात्याच्या परवानगीचा मामला आहे, हौशी धनुर्धाऱ्याचा नाही. इथं आपलं धनुष्य मैदानावरच.

आता वायोमिंग. मी लॅरामीला शिकत होतो तेव्हा घरमालक पक्का शिकारी होता, आणि मी त्याच्यासोबत पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायचो. बाण त्याने सोडले, मी बघितलं. तेवढ्या अनुभवावर लिहितोय.

तिकडचे लोक प्रॉन्गहॉर्नला अँटिलोप म्हणतात, पण त्याचं जवळचं नातं जिराफाशी आहे. धावतो ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर. डोळे मोठे, डोक्याच्या कडेला, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. तुम्ही त्याला दुर्बिणीतून शोधेपर्यंत त्याने तुम्हाला कधीचंच पाहिलेलं असतं. म्हणून लपण्याच्या कसबावर फार भिस्त ठेवू नका. तो रोज जे बघतो आणि ज्याची दखल घेत नाही, ते व्हायचं, किंवा त्याच्या आड बसायचं. बहुतेक सगळे डावपेच यातूनच निघतात.

ऑगस्टात सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे पाणी. तिकडच्या कोरड्या कुरणांवर गुरांसाठी पवनचक्कीवर चालणारे पत्र्याचे गोल हौद असतात. आधी दुर्बिणीने बघून ठेवायचं की कळप कुठल्या हौदावर येतो, चिखलात ताजे खूर आहेत का. मग पंधरा-वीस मीटरवर ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा कापडी तंबू, ठोकायचा. पण बसायच्या आदल्या रात्री नव्हे, काही दिवस आधी. नवी वस्तू दिसली की हे जनावर पाण्यावर यायचंच टाळतं. पवनचक्कीच्या पायथ्याशी जुनं लाकूडसामान पडलेलं असेल तर त्याला टेकवून ठोकलेला तंबू लवकर पचतो. वारा असा सुटतो की खुंट्या नीट न मारल्या तर तंबू पुढच्या तालुक्यात सापडेल. आत बसताना काळे कपडे घालायचे, मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर मागच्या उजेडावर तुमची आकृती बाहेरून स्वच्छ दिसते. आणि उजाडायच्या आधी आत शिरून अंधार पडेपर्यंत बसायचं. हरणं पहाटे-संध्याकाळीच पाण्यावर येतात ही आपली समजूत इथं लागू पडत नाही. प्रॉन्गहॉर्न भर दुपारीही येतो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर मात्र घरी झोपा, कारण ठिकठिकाणी डबकी भरली की हौदाकडे फिरकतो कोण?

नर येतो तेव्हा सरळ येत नाही. दोनेकशे मीटरवर थांबतो आणि नुसता बघत राहतो, कधी अर्धा अर्धा तास. संशय आला की ढुंगणावरचे पांढरे केस फुलवतो, आणि दूरची मादीही तो इशारा बघून पळते. मग चार पावलं पुढं, परत थांबणं. हौदाशी येऊनही तो आधी पाण्याला तोंड लावून चटकन मान वर करतो. तिथंच घाईचे शिकारी फसतात. तो खरोखर प्यायला लागला, मान खाली गेली, घशाची हालचाल दिसली, की मगच धनुष्य ओढायचं. आपला कंपाउंड पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो, त्यामुळे तो आडवा होईपर्यंत धरून थांबता येतं. घरमालक तर तंबूत बसल्या बसल्या रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राने, हौदाची कड, एखादा दगड, कुंपणाचा खांब यांची अंतरं आधीच मोजून चिठ्ठीवर लिहून ठेवायचा.

सप्टेंबरच्या मध्यापासून माज येतो आणि खेळ बदलतो. तेव्हा नर आपल्या माद्यांजवळ दुसरा नर सहन करत नाही. कोवळ्या नराचा पुठ्ठ्याचा किंवा कापडी पुतळा पुढं धरून दोघं जण उंचवट्याआडून वर आले, की कधी कधी तो अंगावरच धावून येतो. एक जण पुतळा धरतो, दुसरा अंतर मोजून बाण लावून तयार. पण तुम्ही ऑगस्टात जाताय, तेव्हा हा तमाशा बहुधा चुकेल. तेव्हा गाईचा पुतळा वापरून बघता येतो. आता हे तिकडचे लोक मोठा शोध लावल्यासारखं सांगतात, पण आपल्या विदर्भातले फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून काळविटापर्यंत जाऊन फास लावत, ते काय होतं? संस्थानांच्या काळात शिकारी चित्तेही बैलगाडीतूनच कळपाजवळ नेत, कारण काळवीट बैलगाडीला बुजत नाही. अमेरिकन माळावर तेच काम गाय करते. फक्त दुसरे शिकारी आसपास, विशेषतः बंदूकवाले, असतील तर जनावराच्या पुतळ्यामागे चालणं म्हणजे स्वतःहून गोळी मागणं. ते टाळा.

काटेरी तारेचं कुंपण प्रॉन्गहॉर्न सहसा उडी मारून ओलांडत नाही, खालून सरपटतो. तारेखाली जमीन घासून गुळगुळीत झालेली, तारेला केस अडकलेले दिसले तर तो रोजचा रस्ता समजा आणि तिथं बसा.

उरलं रांगत जाणं. मला विचाराल तर पहिल्याच खेपेला यात वेळ घालवू नका. कोरड्या नाल्यातून, सेजब्रशच्या झुडपांआडून, गुडघ्याला पॅड आणि हातात जाड हातमोजे घालून (निवडुंग जमिनीलगत असतो) तासभर सरपटायचं आणि शेवटी पन्नास-साठ मीटरच्या बाणावर येऊन ठेपायचं. एवढ्या लांबून मी तरी कुणाला बाण सोडायचा सल्ला देणार नाही.

काहून नाही, ते सांगतो. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण केले : पन्नास मीटरवरून पंधरा बाण, सगळे दहाच्या वर्तुळात, ज्याचा व्यास 8 सेंटीमीटर. हरणाचं फुप्फुस त्याच्यापेक्षा बरंच मोठं निशाण आहे. पण निशाणाचा कागद आवाज ऐकत नाही. बाण सेकंदाला 85 मीटर जातो असं धरा, आवाज 340 मीटर. पन्नास मीटरवर दोरीचा आवाज बाणाच्या सुमारे 0.44 सेकंद आधी पोचतो. तेवढ्यात जनावर उसळायला म्हणून खाली दबतं आणि वीतभर सरकतं. म्हणजे फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, कुठंतरी भलतीकडे रुततो. अठरा मीटरवर हाच फरक 0.16 सेकंद. पाण्यावरच बसा म्हणतो ते त्यासाठी. बाण पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, जनावर आडवं असताना किंवा थोडं पलीकडे वळलेलं असताना. समोरून कधीच नाही.

सरावाचं म्हणाल तर मैदानावर उभं राहून मारलेले बाण तिथं कामाला येत नाहीत. आत्तापासून खुर्चीवर किंवा गुडघ्यावर बसून, खिडकीएवढ्या फटीतून मारा. धार असलेलं ब्रॉडहेड टोक साध्या टोकापेक्षा वाऱ्यात वेगळं वागतं, तेव्हा तिकडे पोचल्यावर ते लावूनच साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) जुळवा. धनुष्याचं ओढीचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, वायोमिंगच्या नियमात या जनावरासाठी किमान 40 पौंड लागतो. आपल्याकडे कंपाउंडवाले सहसा त्याच्या वरच असतात.

आणि बर्फ. ऑगस्टच्या उन्हात मांस तासाभरात बिघडायला लागतं. पोट काढून, कातडं सोलून लगेच बर्फाच्या पेटीत टाकलं तर ते उत्तम लागतं. गाडीच्या टपावर मिरवत नेलं तर त्याला जो वास येतो त्यावरूनच अर्ध्या अमेरिकेने या मांसाला नावं ठेवली आहेत.

सगळ्यात आधी मात्र परवान्याचं बघा. बहुतेक भागांत धनुष्याचा हंगाम 15 ऑगस्टला सुरू होतो, पण बाहेरच्यांसाठी परवान्याची सोडत असते आणि अर्जाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. धनुष्यासाठी वेगळा परवाना पडतो, आणि 1 जानेवारी 1966 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागतात. तुम्ही कुठल्या विभागात जाणार, तिथं सोडतीत नंबर लागायची शक्यता किती, आणि ज्या हौदावर बसायचं ती जमीन सरकारी की कुणा रँचवाल्याची (गुरांचं खाजगी कुरण असलेल्याची), हे मावसभावाला आत्ताच विचारून घ्या. रँचवाल्याची असेल तर त्याची परवानगी घेतल्याशिवाय कुंपणाच्या आत पाय टाकू नका.