दुसरी डिस्क एकाच वेळी सगळीकडे दिसते, तेव्हा

प्रश्न : जालन्यात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. भट्टीत वितळायला निघालेल्या भंगारातून मी सन कंपनीचे स्पार्कस्टेशन २ हे जुने युनिक्स यंत्र किलोच्या भावाने उचलले. त्यावर सोलारिस २.५.१ ही सनचीच कार्यप्रणाली आहे आणि एका डिस्कवर ते उत्तम चालत होते. जागा कमी पडू लागली म्हणून दुसऱ्या एका यंत्रातली ५० पिनांची स्कझी (अनेक उपकरणे एकाच सामाईक तारेवर जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क आत बसवली. तिचे सुटे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) हरवू नयेत म्हणून डिस्कचा क्रमांक ठरवणाऱ्या पिनांच्या तिन्ही जोड्यांवर लावून ठेवले. आता यंत्र सुरूच होत नाही आणि जोडलेली उपकरणे शोधणारी ‘प्रोब-स्कझी’ ही आज्ञा दिल्यावर नवी डिस्क जवळजवळ प्रत्येक क्रमांकावर दिसते. डिस्क बाद समजावी का?
— एक वाचक, जालना

उत्तर : डिस्क बाद समजू नये. बिघाड आपल्या पत्रातल्या जंपरच्या वाक्यातच आहे. त्या तीन जोड्यांची किंमत अनुक्रमे १, २ आणि ४ असते. तिन्ही झाकल्या की बेरीज ७ होते आणि ७ हा क्रमांक यंत्राच्या स्वतःच्या स्कझी नियंत्रकाचा असतो. या बसवर, म्हणजे सामाईक तारांच्या जुडग्यावर, प्रत्येक उपकरणाला एक तार नेमून दिलेली असते. नियंत्रक एखाद्या डिस्कला हाक मारतो तेव्हा त्या डिस्कची तार आणि आपली स्वतःची तार अशा दोन्ही उचलतो. त्यामुळे हाक कोणालाही असली, तरी ७ क्रमांकाच्या डिस्कला आपलीच तार उचललेली दिसते आणि ती दर वेळी ‘हजर’ म्हणते. क्रमांक ३ वरच्या आपल्या जुन्या डिस्कला हाक गेली की दोघी एकदम उत्तर देतात. मग यंत्र सुरू होणार कसे?

वीज पूर्ण बंद करून फक्त १ किमतीचा जंपर ठेवावा आणि उरलेले दोन काढावेत. कोणती जोडी कितीची, हे डिस्कच्या बनावटीनुसार बदलते, म्हणून वरच्या लेबलावरची आकृती पाहूनच हात घालावा. या यंत्रात मूळ डिस्क ३ वर आणि आतली दुसरी डिस्क १ वर असा रिवाज आहे, तो मोडण्याचे काही कारण नाही. त्याच वेळी टर्मिनेटरही (संकेत टोकावरून परत फिरू न देणारे रोधक) तपासावेत : ते बसच्या दोन टोकांनाच हवेत. मधल्या डिस्कवर रोधकांच्या पट्ट्या राहिल्या असतील तर त्या काढाव्यात, एरवी आज दिसणारी डिस्क उद्या दिसेनाशी होते.

यानंतर यंत्र चालू करून, सोलारिस सुरू होण्याआधीच, थेट ‘ओके’ या सूचकावर थांबवावे. नुसते ‘>’ दिसल्यास ‘एन’ टंकावे. सोलारिस चालू असताना स्टॉप आणि ए या कळांनी मध्येच खाली उतरून ‘प्रोब-स्कझी’ देऊ नये, कारण त्याने यंत्र अडकू शकते. आता १ आणि ३ अशा दोनच क्रमांकांवर डिस्क दिसायला हव्यात. तसे दिसत नसेल तर दोष तारा, जंपर किंवा वीजपुरवठा यांतच शोधावा. सोलारिसच्या आज्ञा देत बसणे व्यर्थ आहे. दुकानात येणाऱ्या नव्या संगणकांच्या सवयीने आपण आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतो, पण इथे ती सवय बाजूला ठेवावी.

दोन्ही डिस्क दिसल्यावर ‘बूट -आर’ ही आज्ञा द्यावी. यातला ‘-आर’ विसरला तर सोलारिस नव्या डिस्कसाठी नावे तयार करत नाही आणि ती ‘फॉरमॅट’ या डिस्क तयार करण्याच्या कार्यक्रमाच्या यादीत येत नाही. त्या यादीत ती ‘सी०टी१डी०’ अशी दिसेल. ‘टी’नंतरचा आकडा म्हणजेच आपण जंपरने दिलेला क्रमांक. लेबल (इथे कागदी नव्हे, डिस्कवर लिहिलेली विभागांची नोंद) बिघडल्याचा, ‘राँग मॅजिक नंबर’ असा संदेश आला तरी घाबरू नये. डिस्क दुसऱ्या प्रकारच्या यंत्रातली असल्याने तिच्यावर सनचे लेबल नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘फॉरमॅट’ हा कार्यक्रम नुसता उघडल्याने काहीही पुसले जात नाही. त्यातच लेबल लिहावे आणि विभाग पाडावेत. विभाग २ संपूर्ण डिस्क दाखवतो, त्याला हात लावू नये.

खरा धोका त्यापुढच्या, विभागावर नवी फाइल-रचना घालणाऱ्या ‘न्यूएफएस’ या आज्ञेत आहे. तिथे ‘टी१’च्या जागी चुकून ‘टी३’ टंकले गेले तर गाठ आपल्या चालू डिस्कशी आहे. आज्ञा लिहून झाल्यावर रिटर्न दाबण्याआधी हात कळफलकावरून काढून ती ओळ एकदा मोठ्याने वाचावी. मी स्वतः अजूनही तसेच करतो. त्यानंतर डिस्क हाताने माउंट करून (म्हणजे वापरासाठी जोडून) दोन-चार फाइली लिहून पाहाव्यात आणि सगळे ठीक असेल तरच ‘व्हीएफएसटॅब’ या, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलीमध्ये तिची ओळ घालावी.