ग्रुपवर टाका की, साहेब!

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, मूळचा जतकडचा, आता सांगलीत राहतो. कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर होतो, दिवाळीनंतर शिफ्ट इन्चार्ज केलं. हाताखालची निम्मी माणसं माझ्यापेक्षा वयानं मोठी. त्यातल्या एका मामांनी तर मला काम शिकवलं. परवा त्यांच्या मशीनवर ४० जॉबचा (सुट्या भागांचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा गेला. रात्रपाळीवाल्यानं जाता जाता इन्सर्ट (टूलची कापायची पात) बदलला होता, पण मामांनी पहिला जॉब मोजायला नको? तोंडावर बोलवेना, म्हणून बाद मालाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली 'कृपया नोंद घ्यावी'. तेव्हापासून मामा बोलत नाहीत. काही सांगायला गेलो की पोरं म्हणतात, "ग्रुपवर टाका की, साहेब!" विश्रामबागेत संभाषणकौशल्याचा कोर्स केला. तिथले सर म्हणायचे, नाट्यपंढरीत राहता आणि बोलायला लाजता? माईकवर आता बोलतो, पण शॉपमध्ये पुन्हा तेच. पुण्याचे कस्टमर आले की इंग्रजीची धास्ती वेगळीच. बायको म्हणते, घरी तर हूं की चूं नाही. ॲडव्हान्स कोर्स लावू का?

उत्तर : पैसे खिशातच राहू द्या.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढं गेलात. रात्रपाळीवाल्यानं इन्सर्ट बदलला. मग हे मामांच्या कानावर कुणी घालायचं होतं? तो पोरगा घरी पळाला असेल, पण पाळी बदलताना "रात्रीत काय बदललं रे?" असं विचारायला इन्चार्ज तिथं होता का? नवा इन्सर्ट बसला की ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलचं माप) पुन्हा बघायचा, पहिला जॉब बोअर गेजनं मोजायचा, मगच पुढचे सोडायचे, हे तुम्ही मला शिकवायचं. मामांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण वेळेवर बोलायचं ते राहिलं आणि दोघांत बोलायचं ते अख्ख्या ग्रुपसमोर गेलं. यात लाजाळूपणाचा संबंध कुठं आला?

तुमच्या सरांनी नाट्यपंढरी काढली, पण अर्धीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या नाटकांत सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावरच असायचा, पदं गाऊन कथा पुढं न्यायचा. भाषणं पात्रं आपापली, तिथल्या तिथं करायची. आता कुणी यायचं, गोष्ट कुठवर आली, हे धरून ठेवणं सूत्रधाराचं काम. तुमची जागा ती आहे. कोर्सवाल्यांनी तुम्हाला त्या नाटकांतल्या राक्षसपार्टीची, म्हणजे राक्षस झालेल्या नटांची, डरकाळी शिकवून सोडलं.

तेव्हा उद्यापासून पाळीच्या आधी दहा मिनिटं पोचा आणि जाणाऱ्याला येणाऱ्यासमोर उभं करा. काय बदललं, कुठलं मशीन कुरकुरतंय, कुठला जॉब अर्धवट आहे, ते त्यानं तोंडी सांगायचं आणि येणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचं. पोरं हसतील. आठवडाभर हसू द्या.

मामांकडं मात्र उद्याच जा. मशीनपाशी, एकटे असताना. कॅन्टीनमध्ये नको, तिथं प्रेक्षक असतात. "मामा, फोटो ग्रुपवर टाकायला नको होता, चुकलं माझं. पण बोअर कसा काय गेला, ते मला तुमच्याकडनं ऐकायचंय." एवढं बोलून गप्प राहा. ते आधी चार शब्द सुनावतील, ऐकून घ्या. मग कदाचित निघेल की बोअर गेज कायम दुसऱ्याच मशीनवर असतो आणि शोधण्यातच वेळ जातो. असं काही निघालं तर त्याच दिवशी मार्गी लावा, माफीपेक्षा ते मामांना जास्त पटेल. आणि 'मामा' म्हणायचं सोडू नका. "मामा, पहिला जॉब मोजल्याबिगर दुसरा लावायचा नाही," हे मामा म्हणूनच सांगता येतं. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा एकट्यालाच सांगा. तरीही फरक पडला नाही तर लेखी द्या, आणि तसं देणार आहे हे आधी सांगून द्या. ग्रुप सुट्ट्या आणि जादा पाळी कळवायला ठेवा.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. रिजेक्शन किती, कशामुळं, कधी थांबणार, एवढंच कस्टमरला हवं असतं. आधी आकडा बोला. आणि पुण्याहून आलेला माणूस मराठी असेल तर मराठीत बोला की, कुणी अडवलंय?

राहिलं घरचं. शॉपमध्ये गिळलेलं सगळं मनात घोळवत तुम्ही घरी जाता, तिथं शब्द कुठनं फुटणार? आज जेवताना मोबाईल चार्जिंगला लावा आणि मामांचा सगळा प्रकार बायकोला सांगा, तुमच्या चुकीसकट. त्यांचा सल्ला माझ्यापेक्षा बरा निघाला तर तोच ऐका.