वाचकांचे प्रश्न : विसरणं, गोळ्या आणि संध्याकाळचे सहा

आईचं वय ७३. ‘आज वार कोणता?’ असं तासाभरात पाच-सहा वेळा विचारते. पण स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत काय काय वाढलं होतं, ते वाढप्यांच्या नावांसकट सांगते. मग हिची स्मरणशक्ती गेली म्हणायची की नाही? – एक वाचक, सांगली

हे चित्र अल्झायमर या मेंदूच्या आजाराशी जुळतं. त्यात सगळं एकदम पुसलं जात नाही. आधी नवी नोंद व्हायची थांबते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर आत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नुकतंच ऐकलेलं-पाहिलेलं पक्कं करणं हे त्याचं काम. झीज तिथे आणि त्याला लागून असलेल्या भागात सुरू होते. लग्नाची पंगत मेंदूच्या बाहेरच्या थरात केव्हाच मुरली आहे, म्हणून ती टिकून आहे. आजचा वार आईने ऐकला, पण टिपला गेलाच नाही. त्यामुळे ‘आत्ताच तर सांगितलं!’ हे वाक्य तिच्या लेखी खोटं असतं. पुन्हा सांगा, किंवा तारीख-वाराचं मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर तिच्या खुर्चीसमोर टांगा.

आत काय घडतं? पेशींच्या बाहेर अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे चिकट तुकडे साचतात. पेशींच्या आत टाऊ नावाचं प्रथिन बिघडतं. एरवी हे टाऊ पेशीतल्या वाहतुकीच्या सूक्ष्म नळ्यांना आधार देतं. ते सुटलं की त्याचा गुंता होतो, वाहतूक अडते आणि पेशी मरते. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतल्या याच दोन खुणा मांडल्या होत्या. अमायलॉइड लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतं, पण लक्षणं किती वाढली याचा मेळ टाऊशी जास्त बसतो.

वयाचं विसरणं वेगळं. नाव ओठांवर येऊन अडतं आणि कुणी खूण दिली की ‘हो हो, तेच’ होतं. इथे खूण देऊनही काही उजळत नाही. त्याच्या जोडीला रोजचा क्रम चुकू लागतो : फोडणी न घालताच वरण वाढलं जातं, सुट्या पैशांचा हिशेब जमत नाही, रोजच्या गल्लीत वळण सापडत नाही. असं सहा महिने-वर्षभर हळूहळू वाढत असेल, तर तपासणी लांबवू नका.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आहे. रक्ताच्या तपासण्याही कराव्यात का? – एक वाचक, नाशिक

कराव्यात, आणि आधी कराव्यात. बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नेहमीची आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती आणखी वाढते. बी-१२ किंवा थायरॉइडमुळे आलेला विसर उपचारांनी कमी होऊ शकतो. एमआरआयचा उपयोग मेंदूचा कोणता भाग आकसला आहे हे पाहण्यापुरता नाही. घरात कधीतरी डोकं आपटल्यावर काही आठवड्यांनी कवटीखाली साचलेलं रक्तही त्यात दिसतं.

घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्या. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन ही औषधं स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटाइलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतात. अल्झायमरमध्ये त्याचा आधीच तुटवडा, त्यात ही भर. मात्र डॉक्टरांना न विचारता यातलं काही एकदम थांबवू नका.

आणखी एक. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत चौथी शिकलेल्या आजींना वजाबाकी जमली नाही, एवढ्यावर आजार ठरत नाही. वर्षभरापूर्वी त्या काय करत होत्या आणि आज काय जमत नाही, हे घरच्यांनी लिहून नेलेलं पान जास्त बोलतं.

वडिलांना अल्झायमरसाठी डोनेपेझिल सुरुवातीलाच १० मिलिग्रॅम दिलं. उलट्या, जुलाब झाले म्हणून आम्ही बंद केलं. आता औषधच नको का? – एक वाचक, कोल्हापूर

औषध नाकारण्याआधी मात्रा पाहा. सुरुवात ५ मिलिग्रॅमने, दिवसातून एकदा, आणि ती जमली तर चार ते सहा आठवड्यांनी १०. घाई केली की पोट बिघडतं, कारण हे औषध ॲसिटाइलकोलीन वाढवतं आणि ते आतड्यातही काम करतं. डॉक्टरांशी बोलून पुन्हा ५पासून सुरू करता येईल. रात्री भयानक स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी द्या. नाडी ५०च्या खाली जात असेल किंवा चक्कर येऊन पडणं झालं असेल, तर ईसीजी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोट सोसतच नसेल तर रिव्हास्टिग्मिन या तशाच औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी आहे : आधी २४ तासांत ४.६ मिलिग्रॅमची, चार आठवड्यांनी ९.५ची. जुनी पट्टी काढूनच नवी लावायची. दोन पट्ट्या एकदम अंगावर राहिल्या तर मात्रा दुप्पट होते, आणि ही चूक घरोघरी होते. रोज जागा बदला. तीच जागा १४ दिवस नको. मेमँटिन हे दुसरं औषध मध्यम आणि पुढच्या टप्प्यात देतात. ५ मिलिग्रॅमने सुरू करून दर आठवड्याला ५ वाढवत २०पर्यंत. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून कमी.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. यातलं कुठलंच औषध झीज थांबवत नाही. काही महिने घसरण सौम्य राहिली, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः जमत राहिले, तर औषध लागू पडलं म्हणायचं.

सासूबाई संध्याकाळी सहा वाजले की ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी जातात. कामाच्या मावशींनी बांगडी चोरली असा आळही घेतात. – एक वाचक, ठाणे

‘हेच तर तुमचं घर’ हे समजावून उपयोग होत नाही. त्यांना हवं असलेलं घर बहुतेकदा माहेरचं असतं. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारा, बोलतं करा, हातात लसूण सोलायला द्या.

अंधार पडायच्या आत, साडेपाचलाच सगळे दिवे लावा. सावल्या आणि काळोखी खिडकीत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब घाबरवतं, म्हणून पडदे ओढा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, चारनंतर चहा नको. पण या सगळ्याआधी बद्धकोष्ठ, दुखणारा गुडघा, तुंबलेली लघवी पाहा. सांगता येत नाही, म्हणून ते अस्वस्थतेतून बाहेर येतं.

बांगडीच्या बाबतीत वाद घालू नका, सोबत शोधा. वस्तू स्वतःच लपवलेली असते आणि लपवल्याचं आठवत नाही. डाळीचा डबा, गादीखाली, जुन्या पर्स. तशाच दिसणाऱ्या दोन खोट्या बांगड्या घरात असू द्या. मावशींना आजार नीट समजावून सांगा, नाहीतर त्या काम सोडतील आणि तुम्हीच अडचणीत याल. दाराला वरच्या बाजूला जादा कडी, न्हाणीघराची आतली कडी काढलेली, रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

शांत करणाऱ्या गोळ्या शेवटी. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी या वयात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. मारहाण किंवा जीवावरचं वागणं असेल तरच, अगदी कमी मात्रेत, थोड्या आठवड्यांसाठी.

मुलगा न्यू जर्सीला आहे. तो म्हणतो, तिकडे आता अल्झायमर बरा करणारं इंजेक्शन आलंय. – एक वाचक, पुणे

बरा करणारं नाही. लेकानेमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत जुलै २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते अमायलॉइड काढून टाकतं. १८ महिन्यांच्या चाचणीत घसरणीचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. ऐकायला मोठं, पण आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतला फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी होता. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, अमायलॉइड असल्याचं तपासणीत सिद्ध झाल्यावर, आधी दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. मेंदूला सूज येऊ शकते, बारीक रक्तस्रावही होऊ शकतात, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका जास्त. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर अधिकच सावधगिरी. घरातल्यांनाही ओळखण्यात चुकणाऱ्या रुग्णासाठी हे औषध नाही.

आजी परवापर्यंत ठीक होती. दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, दिवसभर पेंगते. आजार वाढला का? – एक वाचक, सोलापूर

अल्झायमर दोन दिवसांत असा वाढत नाही. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, नवी गोळी, पडून डोक्याला मार, यांपैकी काहीतरी असणार. ताप नसला तरी संसर्ग असू शकतो. आजच दवाखान्यात न्या, झोपेची गोळी देऊन वाट पाहू नका. सोबत औषधांची यादी, शेवटची लघवी कधी झाली ती वेळ आणि चष्मा-श्रवणयंत्र न्या. दिसलं-ऐकू आलं नाही की बरळणं वाढतं.