ग्लायडरच्या प्लॅस्टिक मॉडेलचे पंख लोंबतात, फट राहते आणि पांढरा रंग खडूसारखा दिसतो, काय करावं?

तुम्ही खानापुरात ड्युओ डिस्कस या दोन आसनी ग्लायडरचं 1/32 मापाचं मॉडेल जोडताय. पंख बुडाशी, म्हणजे धडाला जोडतात तिथे, फट सोडतात, टोकाकडे लोंबतात आणि पावसाळ्यात मारलेल्या पांढऱ्या रंगाची चकाकी जाते, अशा तुमच्या तीन तक्रारी आहेत. सगळ्यात जास्त वेळ पंखांना द्या, कारण ग्लायडरमध्ये दिसतं ते पंखच.

खऱ्या ड्युओ डिस्कसच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 20 मीटर आहे, म्हणजे तुमच्या मॉडेलची 62.5 सेंमी. एवढा भार नुसत्या प्लॅस्टिकच्या सांध्यावर टाकू नका. पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी आत पोलादी कणा घाला. त्याला सायकलच्या चाकाची तार उत्तम. ती साधारण 2 मिमी जाडीची असते, तरी व्हर्नियर कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजून घ्या आणि पंखात तेवढी पोकळी आहे का ते आधी बघा. तार पंखाच्या निम्म्या लांबीपर्यंत न्या, इपॉक्सीने बसवा आणि बुडातून 12 मिमी बाहेर ठेवा. धडात तिच्या मापाची पितळी नळी बसवा. नळीचा कोन किटमधल्या समोरून दिसणाऱ्या चित्रावरून घ्या, अंदाजाने नको. एकाच तारेभोवती पंख फिरतो, म्हणून मागच्या बाजूला 1 मिमीची दुसरी पिन हवीच.

अशाने पंख काढता-घालता येतात. खऱ्या ग्लायडरचेही पंख काढून ते ट्रेलरवरून नेतात, त्यामुळे यात काही खोटं नाही, आणि बसने बेळगावला न्यायचं झालं तरी मॉडेल मोडत नाही.

पंख वाकडा असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करा, पण उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरीन 95 ते 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मग पीळ बसतो. साधारण 60 अंश पुरे. मागची कड जाड दिसत असेल तर दोन्ही भाग काचेवर ठेवलेल्या 400 नंबरच्या वॉटर पेपरवर आतल्या बाजूने घासा. एवढ्याने मॉडेलचं रूपच पालटतं.

आता फट. सांध्याला निदान दोन दिवस द्या. प्लॅस्टिक सिमेंटने, म्हणजे मॉडेल चिकटवायच्या गोंदाने, प्लॅस्टिक विरघळलेलं असतं. ते पुरतं कडक व्हायच्या आत घासलं तर नंतर आक्रसतं आणि रंगाखाली रेघ उमटते. फट भरायला मोटारीची एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी, म्हणजे पुट्टी, चालते, पण पातळ थरांत. जाड थरातला थिनर प्लॅस्टिक खातो. पंखाच्या बुडाशी मात्र लांबी भरूच नका. घासून फट केसाएवढी आणा आणि तिच्यावर पांढऱ्या डेकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रपट्टीची) पाऊण मिमीची पट्टी लावा. खऱ्या ग्लायडरवर उड्डाणाआधी तिथे पांढरी टेप लावतातच. उलट पंखावर कुठे पत्र्याच्या जोडासारख्या रेघा कोरलेल्या असतील तर त्या बुजवा, फायबरच्या विमानाला त्या नसतात. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) आणि एअरब्रेक (पंखातून वर येणारी वेग कमी करणारी पट्टी) यांच्या रेघा तेवढ्या ठेवा.

रंगाचं कारण हवेत आहे. लॅकर रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि चकाकी मरते. जुलै-ऑगस्टमध्ये खानापुरात हे होणारच. आर्द्रतामापक घ्या आणि काटा 70 टक्क्यांच्या खाली येईल त्या दिवशी, भर दुपारी स्प्रे करा. थिनरमध्ये थोडा रिटार्डर घाला, म्हणजे तो सावकाश उडतो. बल्बखाली वाळवू नका, एवढा लांब पंख उष्णतेने हमखास वाकतो. आधी राखाडी प्रायमर मारा, त्यावर खोट लगेच दिसते. मग पांढरा प्रायमर, मग पांढऱ्याचे तीन-चार पातळ हात, दोन हातांत 15 मिनिटं ठेवून. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर उघड्या प्लॅस्टिकवर कधीही लावू नका.

कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने आतून पांढरी धुंदी चढते. फेव्हिकॉलचा बारीक थर लावा, पसरलेला ओल्या कापसाने पुसता येतो. ओरखडा असेल तर 2000 नंबरच्या कागदाने पाणी लावून घासा, मग टूथपेस्टने पॉलिश करा आणि धुऊन पूर्ण वाळल्यावरच चिकटवा.