एच-४ व्हिसावरील मुलीला कॅलिफोर्नियात रहिवाशांच्या दराने शुल्क लागू होईल का?

आपण विचारले आहे की, येत्या जुलैमध्ये न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियात बदली झाल्यावर, तेथे बारावी करून पुढच्या वर्षी सरकारी विद्यापीठात जाणाऱ्या आपल्या मुलीला रहिवाशांचे शुल्क लागू होईल का, की आपला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आणि त्यावर कुटुंबीयांना मिळणारा एच-४ व्हिसा आड येतील. व्हिसा आड येत नाही. एफ-१ या शिक्षणासाठीच्या व्हिसावरील विद्यार्थ्याला ‘मी येथेच कायमचा राहणार’ असे म्हणता येत नाही, कारण त्या व्हिसाचा आधारच परत जाण्याचा हेतू हा आहे. एच-१बी आणि एच-४ ला ते बंधन नाही, म्हणून कॅलिफोर्नियात या कुटुंबांना रहिवासी होता येते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या विद्यार्थ्याला मूळ शुल्काखेरीज वर्षाला ३४ हजार डॉलरांहून अधिक द्यावे लागतात, त्यामुळे चार वर्षांत सव्वा लाख डॉलरांच्या पुढे जाणारा हा प्रश्न आहे. नियम असा की, सत्राच्या सुरुवातीच्या सुमारास विद्यापीठ जी तारीख धरते तिच्या आधी एक वर्षाहून अधिक काळ, म्हणजे किमान ३६६ दिवस, राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य हवे आणि त्या पूर्ण काळात येथेच राहण्याचा हेतू कागदोपत्री दिसायला हवा. दुसऱ्या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आमचेही झाले.

आम्ही २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला टेक्सासहून येथे आलो आणि पुढच्या वर्षी ऑगस्टअखेरीस मुलाचे वर्ग सुरू झाले. दिवस पुरेसे होते, पण टेक्सासचे लायसन्स अजून चालू आहे म्हणून आम्ही दोघांनीही कॅलिफोर्नियाचे लायसन्स नोव्हेंबरमध्ये काढले आणि गाडीची नोंदणीही तेव्हाच केली. विद्यापीठाने हेतूचा पुरावा नोव्हेंबरपासून धरला आणि पहिल्या सत्रासाठी मुलाला बाहेरचा ठरवले. दुसऱ्या सत्राआधी पुन्हा अर्ज केल्यावर तो रहिवासी ठरला, परंतु तोवर पंधरा हजारांहून अधिक डॉलर गेले होते. निर्णय नियमाला धरूनच होता; चूक आमची होती, आणि ती आपली होऊ नये म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

म्हणून पोहोचल्यापासून १० दिवसांत लायसन्स आणि २० दिवसांत गाडीची नोंदणी करावी. राज्याचा कायदाही तेच सांगतो. भाडेकरार दोघांच्या नावे असावा, नोकरीतील पत्ता बदलून पगारातून कॅलिफोर्नियाचा कर कापला जाऊ लागावा, आणि त्या वर्षाचे कर-विवरण दोन्ही राज्यांत अंशकालीन रहिवासी म्हणून भरावे. आपण एकट्याने आधी यायचे आणि मुलीने आईबरोबर न्यू जर्सीतच बारावी पूर्ण करायची, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्पवयीन मुलाचे वास्तव्य ते ज्या पालकाबरोबर राहते त्याच्यावरून ठरते.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. हेतूच्या पुराव्यांच्या याद्यांमध्ये मतदार नोंदणीचा उल्लेख असतो, आणि लायसन्स काढताना डी.एम.व्ही. या राज्याच्या वाहन विभागातही तो प्रश्न समोर येतो. ती नोंदणी फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. व्हिसावर असताना चुकून जरी ‘नागरिक आहे’ असे लिहून दिले, तरी ग्रीन कार्ड कायमचे अडचणीत येऊ शकते. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर स्वतःचे अर्ज स्वतः भरू लागेल, तेव्हा तिलाही हे बजावून सांगावे.

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ ‘स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स’ हा अर्ज भरून मागते. तो येताच भरावा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही वेगळी संस्था असून तिच्या शरदातील सत्रासाठी २० सप्टेंबर ही तारीख धरली जाते, त्यामुळे तेथे आपल्याला थोडी अधिक सवड मिळेल. रहिवासी ठरल्यानेही एच-४ वर केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य मिळत नाही, हे हिशेबात धरावे.

राहिला एकविसाव्या वाढदिवसाचा प्रश्न. त्या दिवशी एच-४ संपतो, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग पाहता अनेक मुलांना पदवी पूर्ण होण्याआधीच एफ-१ घ्यावा लागतो. तसे झाले तर रहिवाशांचा दरही धोक्यात येतो. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टनुसार ग्रीन कार्डसाठी काही मुलांचे वय कमी धरले जाते. आपल्या मुलीला ते लागू होते का, हे प्रवेश स्वीकारण्याआधीच इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्यावे.