‘टेक ऑन मी’ स्टेजवर बसवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गॅदरिंगसाठी आम्ही आ-हा या नॉर्वेच्या बँडचं ‘टेक ऑन मी’ बसवतोय. सुरुवातीची कीबोर्डची धून सूर बरोबर लागूनही ढिली वाटते. कुठे चुकतंय?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : बहुतेक वेळा चूक सुरांत नसते, मधल्या रिकाम्या जागांत असते. पांढरी 6, म्हणजे ए, हा सा धरा. सगळे स्वर शुद्ध लागतात. केरव्यासारखे आठ-आठचे चार खंड पाडा. रेघ आली की सूर लांबवायचा नाही, तेवढा वेळ गप्प राहायचं.

ध ध म रे – रे – प
– प – प नी नी सां रें
सां सां सां प – म – ध
– ध – ध प प ध प

पहिल्या खंडातला शेवटचा प आणि तिसऱ्यातला शेवटचा ध नीट पाहा. दोन्ही पुढच्या समेच्या अलीकडे पडतात आणि सम रिकामी जाते. आपला हात सवयीने समेवरच पडतो. तो प समेवर गेला, की पूर्ण धून सपाट झालीच म्हणून समजा. पायाने सम धरा, आधी तोंडाने म्हणा आणि मेट्रोनोम (ठोके देऊन लय धरणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 100 ठोक्यांवर ठेवून वाजवा. तिथे पक्कं झालं की दहा-दहाने वाढवत 169 पर्यंत जा. कॉर्ड खंडाला एक : बी मायनर, ई, ए, आणि चौथा खंड डीवर सुरू होतो.

आता आवाजाबद्दल. रेकॉर्डवर ही धून रोलंड जुनो-60 या सिंथेसायझरवर (सिंथवर) वाजली आहे. त्या वाद्याच्या पट्ट्यांना दाब कळत नाही. हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. म्हणून तुमच्या कीबोर्डवरचं टच रिस्पॉन्स आधी बंद करा, नाहीतर करंगळीचे सूर बारीक पडतात. पियानो किंवा स्ट्रिंग्ज नको, सॉ वेव्हचा किंवा सिंथ ब्रासचा टोन घ्या. अटॅक (सूर उमटायला लागणारा वेळ) शून्य ठेवा आणि कोरस हा आवाज दाट करणारा इफेक्ट चालू करा. खरी मेख रिलीजमध्ये, म्हणजे पट्टी सोडल्यावर सूर विरायला लागणाऱ्या वेळात आहे. 169 च्या लयीत वरच्या खंडातल्या एका घराला (एका सुराच्या किंवा रेघेच्या जागेला) जेमतेम 0.18 सेकंद मिळतो. रिलीज त्याहून लांबला, की एका सुराची शेपटी पुढच्या सुरावर चढते आणि ते ‘ढिलं’ ऐकू येतं. कार्यालयाचा किंवा नाट्यगृहाचा हॉल मुळातच घुमतो, तेव्हा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) जवळपास बंदच ठेवा.

काळ्या पट्ट्या अडचणीच्या वाटत असतील तर ट्रान्सपोज (कीबोर्डची पट्टी बदलायची सोय) उणे 3 करा आणि पांढरी 1 ला सा मानून वाजवा, धून पूर्ण पांढऱ्यांवर येते. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून चौथा सी हा तुमचा सा. फक्त गिटारवाल्याला आधीच सांगून ठेवा. तो तुमची बोटं पाहून सी मेजर धरतो आणि पहिल्याच ओळीला गोंधळ उडतो.

प्रश्न : कोरसच्या (ध्रुवपदाच्या) शेवटी माझा आवाज फाटतो. पट्टी किती खाली घेऊ?
– कराड

उत्तर : पट्टी उतरवण्याआधी हिशोब पाहा. या गाण्याचा पल्ला मंद्र सा ते तार प, म्हणजे अडीच सप्तकं आहे. कोरस मंद्र सा वर सुरू होतो, तिथून थेट मंद्र नी वर उडी आणि मग मध्य सा. (बरेच जण सा वरून सरळ सा वरच उडतात. तो मधला नी सुटला की ओळीची ओढच जाते.) पुढे ओळीगणिक चढत शेवटच्या ‘टू’ वर तार पंचम येतो. तुम्ही दोन स्वर उतरवले तर वरचं सोपं होईल, पण खालचा सा घशात विरून जाईल आणि माइकला काहीच मिळणार नाही.

तो पंचम आ-हाचा गायक मॉर्टन हार्केट छातीच्या जोरावर गात नाही, तो फॉल्सेटो (हलका सोडलेला वरचा आवाज) आहे. तुम्ही तार सा पर्यंत भरलेला आवाज ओढत नेता आणि वर गेल्यावर बदलू पाहता, म्हणून फाटतो. बदल तार सा च्या अलीकडेच करा, आवाज हलका सोडा आणि माइक ओठांजवळ आणा. तरीही जमत नसेल तर शेवटची ओळ गायिकेला द्या. पांढरी 3 चा (ई) हा वरचा सूर बऱ्याच गायिकांच्या आटोक्यातला असतो. आम्हाला स्टेजवर हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो.

प्रश्न : एक ॲप लय 84 दाखवतं, दुसरं 169. ऑक्टोपॅडला कोणती द्यायची?
– तासगाव

उत्तर : 169. दोन्ही आकडे एकाच चालीचे आहेत, 84 म्हणजे अर्ध्या लयीत मोजलेली. स्नेअर (ड्रमचा कडक आवाज) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवा. मूळ ताल लिनड्रम या ड्रम मशिनचा आहे, त्यामुळे ढोलकीचा लचक इथे अजिबात आणू नका. स्विंग (ठोक्यांमधला झोका) शून्य ठेवा आणि पॅटर्न पूर्ण क्वांटाइझ करा, म्हणजे प्रत्येक ठोका नेमक्या जागी बसवा.

प्रश्न : नेटवर या गाण्याची वेगवेगळी रूपं सापडतात. सराव कोणत्यावर करावा?
– मिरज

उत्तर : 1985 च्या. पहिलं रेकॉर्डिंग 1984 मध्ये टोनी मॅन्सफील्डने केलं होतं, ते ब्रिटनमध्ये चाललं नाही. मग ॲलन टार्नीने गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं आणि स्टीव्ह बॅरनने पेन्सिलच्या रेखाटनांचा तो प्रसिद्ध व्हिडिओ केला. ऑक्टोबर 1985 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 2017 चं अनप्लग्ड (अकूस्टिक वाद्यांवरचं) रूप संथ आणि फार सुंदर आहे, पण त्यावर गळा बसवला की वेगवान ट्रॅकवर श्वास घ्यायच्या जागा चुकतात. कराओके ट्रॅक घेताना सुरुवातीचे चार खंड ऐका आणि वरच्या स्वरलिपीशी ताडून पाहा. दुसऱ्या खंडाची सम रिकामी नसेल तर तो ट्रॅक घेऊ नका.